कविगृहाची डागडुजी

घर दुरुस्त करावयाचें तर पाऊस सरल्यावर, असा आपल्याकडचा प्रघात आहे. कौलें परतावयाचीं तीं वैशाखांत. पण भिंत पाडणें, चुना लावणें, जमीन करणें हीं कामें थंडीच्या कोरड्या दिवसांतलीं. उत्तर इंग्लंडांत नेमकें उलट असतें. तेथें डिसेंबरांत दुपारीं चारच्या सुमारास अंधार पडूं लागतो, माती गोठून दगडासारखी होते, चुना वाळतां वाळत नाहीं, आणि भिंतींत मुरलेली ओल माणसाच्या हाडांत उतरते. अशा दिवसांत कित्येक आठवडे बंद असलेल्या घरांत बिऱ्हाड करणें हें शहाणपणाचें लक्षण तेथें कोणी समजत नाहीं. तरीहि २० डिसेंबर १७९९ रोजीं, शुक्रवारीं, दिवस मावळतां मावळतां एका बहीणभावानें तें केलें. भाऊ होता विल्यम वर्डस्वर्थ आणि बहीण डोरोथी. गांव ग्रासमेअर. ज्या घरांत तीं शिरलीं त्याला आज डव्ह कॉटेज म्हणतात. हें नांव मागाहून पडलें. त्यांच्या वेळीं तें टाउन एंड या वस्तींतलें एक साधें घर होतें.

वर्डस्वर्थचें नांव आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या कुटुंबांस पिढ्यान् पिढ्या परिचयाचें आहे. डॅफोडिलच्या फुलांवरची त्याची कविता ज्यांनीं शाळेंत कधीं पाठ केली नाहीं असे गृहस्थ थोडेच निघतील. पण आजचें माझें बोलणें घराविषयीं आहे. आणि त्या घराचा पहिला हिवाळा जिनें सुईदोऱ्यावर निभावून नेला त्या डोरोथीविषयीं. कवींचीं चरित्रें लिहिणारे बहुधा कवि लिहावयास बसला तेथून आरंभ करितात. तत्पूर्वीं कोणाला तरी खोलींतला धूर घालवावा लागतो, याची दखल ते क्वचितच घेतात.

या दोघांना घराची एवढी निकड कां होती हें कळण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. कॉकरमथ गांवच्या एका वकिलाचीं हीं पांच मुलें. चार मुलगे आणि एक मुलगी. १७७८ सालीं आई वारली तेव्हां डोरोथी सहा वर्षांची होती. तिला दूर हॅलिफॅक्स येथें आईच्या चुलतबहिणीकडे धाडण्यांत आलें. १७८३ सालीं बापहि गेला. तो सर जेम्स लौदर नांवाच्या बड्या जमीनदाराचा कारभारी होता, आणि या जमीनदाराकडून त्याचें हजारों पौंडांचें येणें राहिलें होतें. तें त्या धनिकानें मरेपर्यंत दिलें नाहीं, आणि तो मेला १८०२ सालीं! बापाचें घर मोडलें. मुलें नातलगांच्या आश्रयास गेलीं. घर सोडल्यावर डोरोथीला भावांची भेट झाली ती नऊ वर्षांनीं, १७८७ मध्यें. १७९५ पासून ती आणि विल्यम एकत्र राहूं लागलीं. पण एक घर मित्राच्या मेहेरबानीचें, तर दुसरें मुदतीच्या भाड्याचें. या दुसऱ्या घरीं, अल्फॉक्सडेनला, रात्रीबेरात्रीं हिंडणारीं हीं माणसें फ्रेंचांचे हेर असावींत अशा संशयानें सरकारनें त्यांच्यावर एक गुप्त पोलीसहि सोडला होता. पुढचा हिवाळा जर्मनींतल्या गोस्लार गांवीं, परक्या भाषेंत आणि कडाक्याच्या थंडींत गेला. तेव्हां ग्रासमेअरचें घर हें केवळ एका कवीनें निवडलेलें निसर्गरम्य स्थान होतें, असें समजणें म्हणजे निम्मीच गोष्ट समजणें होय.

घर विल्यमनें नोव्हेंबरांत, कोलरिज या आपल्या कविमित्राबरोबर पायीं भटकत असतां, रिकामें पाहून ठेविलें होतें. १७ डिसेंबरला दोघें टीज नदीकांठच्या सॉकबर्नहून, म्हणजे मेरी हचिन्सन या मैत्रिणीच्या कुटुंबाच्या शेतवाडीवरून, निघालीं. आरंभीचा टप्पा घोड्यावर झाला, पुढें पायपीट. गोठलेले धबधबे पाहण्यासाठीं तीं वाटेंत थांबलीं, आणि पाठीवर वारा असल्यामुळें दहा मैलांचा उंच डोंगरी रस्ता त्यांनीं सव्वादोन तासांत तुडविला. हा पराक्रम डोरोथी पुढें कितीतरी दिवस सांगत राहील, असें विल्यमनें कौतुकानें लिहिलें आहे. केंडल येथें घरासाठीं कांहीं सामान घेऊन तीं ग्रासमेअरला पोंचलीं.

काय होतें तें घर? पूर्वीं तेथें पांथस्थांसाठीं एक लहानशी खानावळ होती. तिच्या पाटीवर कबूतर आणि ऑलिव्हची डहाळी. दगडी भिंतींवर चुन्याचा पांढरा हात, वर पाटीच्या दगडाचें छप्पर. खालच्या खोल्यांत फरशी, भिंतींना काळसर लाकडी तक्तपोशी, छत इतकें बुटकें कीं उंच माणसानें जपून वावरावें. वरच्या बैठकीच्या खोलींतून सरोवर दिसे. मागें कोठीची खोली. तिच्या फरशीखालून झऱ्याचें पाणी वाहतें. दूधलोणी थंड राहण्यास ही सोय उत्तम खरी. पण त्या कोठीच्या बरोबर वर एक लहान, बिनछताची, बिनशेगडीची खोली होती, आणि तींत निजणाऱ्याला त्या गारव्याचें कौतुक वाटण्याचें कारण नव्हतें.

पहिले दोन दिवस भीतींत गेले. भीति चोरांची नव्हे, धुराची. वरच्या एका खोलींत शेगडी पेटवितांच ती भट्टीसारखी धुमसूं लागली. ज्यांनीं विलायतेंत हिवाळा काढला नाहीं त्यांना यांतली चिंता नीट उमगणार नाहीं. आपल्या स्वयंपाकघरांत धूर कोंडला तर आपण दार उघडतों. तेथें दार उघडलें कीं बर्फाळ वारा आंत येतो आणि शेगडी पेटविण्याचा हेतूच फसतो. धुरांडें थंडगार पडलेलें असलें म्हणजे त्यांतली जड हवा धुराला वर चढूं देत नाहीं. त्यांतून घराच्या पाठीशीं चढण असली तर डोंगरावरून उतरणारा झोत धुराला परत खोलींत लोटतो. ती खोली बैठकीस निरुपयोगी, असें शेवटीं ठरलें. दैव एवढेंच बरें कीं जी खोली त्यांनीं राहावयास योजिली होती तिचें धुरांडें मात्र चोख निघालें. आग प्रथम पेटवितांनाहि तें धूर सोडीना.

नाताळच्या आदल्या दिवशीं विल्यमनें कोलरिजला एक लांबलचक पत्र लिहावयास घेतलें. या घराच्या आरंभींच्या दिवसांचा तो सर्वांत विश्वासार्ह दाखला आहे. दोघांनाहि जबर सर्दी झालेली. डोरोथीचा दांत ठणकत आहे, आणि ही मोठीच आपत्ति, कारण पलंगाचे पडदे आणि इतर शिवणकाम यांत ती अक्षरशः पुरून गेली आहे, असें तो लिहितो. पलंगाचे पडदे ही चैन नव्हती; चारी बाजूंनीं पडदे ओढून घेतल्याशिवाय त्या हवेंत रात्रीं ऊब टिकत नसे. दुसरे दिवशीं, म्हणजे नाताळच्याच दिवशीं, डोरोथीला अठ्ठाविसावें वर्ष पुरें झालें. तो वाढदिवस ठणकत्या दांतानें आणि पडद्यांच्या ढिगाऱ्यांत गेला असेल. विल्यमला मात्र रायडलचें सरोवर पोलादासारखें गोठलेलें दिसलें, आणि बर्फावर घसरण्याच्या खडावा त्यानें लगेच पैदा केल्या. पुरुषांच्या हातून गृहप्रवेश बहुधा असाच साजरा होतो.

तथापि त्याच पत्रांतला एक लहानसा बेत मला फार बोलका वाटतो. घर आणि रस्ता यांच्यामध्यें दोनतीन हात जमीन होती. तिला कुंपण घालावें असें त्यांनीं ठरविलें होतें. एक तर चार फुलझाडांसाठीं, आणि दुसरें असें कीं त्यामुळें जागा अधिक आपली वाटेल. भाड्याच्या घरापुढची ती जमीन! पण ज्यांना सोळा वर्षें घर म्हणून नव्हतें त्यांनीं आपलेपणाची मोजणी अशीच हातांनीं करावयाची.

गडीमाणूस ठेवण्याची ऐपत नव्हती. शेजारच्या झोंपडींतली मॉली फिशर ही साठीच्या घरांतली बाई आठवड्यास दोन शिलिंगांवर ठरली. रोज दोनतीन तास येऊन तिनें शेगड्या पेटवाव्या, भांडीं घासावीं, आणि शनिवारीं घर घासूनपुसून घ्यावें व तेथेंच जेवावें, असा करार. बाकीचें सारें डोरोथीचें. १८०० च्या सप्टेंबरांत तिनें एका बालमैत्रिणीस घराचें जें वर्णन कळविलें त्यावरून वर्षभरांत तिनें काय साधलें तें दिसतें. खालच्या फरशीच्या खोलींत सर्वभर चटई अंथरून तिचें निजावयाचें दालन केलें होतें. भिंतीवर लावलेले गुलाब अजून कोंवळे होते, म्हणून दोऱ्यांवर तांबड्या फुलांच्या घेवड्याचे वेल चढवून घराचें तोंड हिरवें केलें होतें. आणि कोठीवरची ती गार खोली तिनें वर्तमानपत्रांनीं मढविली होती. कागदाचे थर भिंतीला चिकटविले कीं फटींतून येणारा वारा अडतो. रंगीत भिंतकागदाला पैसे पडतात, जुन्या वर्तमानपत्रांना पडत नाहींत. लंडनच्या राजकारणाचा इतका सदुपयोग क्वचितच कोणी केला असेल.

जानेवारीच्या अखेरीस, घराला सहा आठवडे पुरे होण्याच्या आंतच, धाकटा भाऊ जॉन आला. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर नोकरीस होता. डोरोथीनें पुढें लिहून ठेविलें आहे कीं तो दोनदां दारापर्यंत आला, दोनदां कडीला हात लावला, आणि धीर न होऊन परत फिरला. मग खानावळींत जाऊन त्यानें आपण आल्याचा निरोप पाठविला. आंत आल्यावर मात्र, आपल्या बापाच्या लेंकरांना पुन्हां एकवार घर झालें, या अभिमानानें तो त्या जमिनीवरून येरझारा घालीत राहिला. सप्टेंबरअखेरपर्यंत तो तेथें राहिला, बागेंत राबला. पूर्वेकडच्या व्यापारांत पैसा मिळवावा आणि मग ग्रासमेअरलाच कायम येऊन राहावें, असा त्याचा मनसुबा होता. पुढें तो 'अर्ल ऑफ अ‍ॅबरगव्हेनी' या जहाजाचा कप्तान झाला. ५ फेब्रुवारी १८०५ रोजीं बंगाल व चीन यांच्या वाटेवर निघालेलें तें जहाज इंग्लंडच्याच किनाऱ्याजवळ, वेमथपाशीं, बुडालें. अडीचशेंहून अधिक माणसांबरोबर जॉनहि गेला. आपल्या देशाशीं त्या डोंगराळ घराचा धागा जुळतो तो असा.

या आठ वर्षांत त्या घरीं काय लिहिलें गेलें हें सर्वश्रुत आहे. 'लिरिकल बॅलड्स'ची प्रसिद्ध प्रस्तावना १८०० मधली. 'प्रिल्यूड' हें दीर्घकाव्य १८०५ मध्यें तेथेंच पुरें झालें. डोरोथीची रोजनिशी १४ मे १८०० पासून सुरू होते. तींत भाकरी भाजल्या, कपड्यांना इस्त्री केली, घेवडा लावला, भावाच्या कविता नकलून काढल्या, डोकें दुखलें, असें सारें एकाच ओळींत आणि एकाच सुरांत येतें. डॅफोडिलचीं फुलें सरोवराकांठीं डुलतांना पाहिल्याची नोंदहि तींतच, १५ एप्रिल १८०२ ची आहे, कविता त्यानंतरची. रोजनिशी तिच्या हयातींत छापली गेली नाहीं.

१८०२ मध्यें विल्यमनें मेरी हचिन्सनशीं लग्न केलें, चार वर्षांत तीन मुलें झालीं, आणि घर अपुरें पडूं लागलें. १८०४ च्या हिवाळ्यांत बागेच्या चढावर शेवाळानें अस्तर केलेली, एखाद्या पाखराच्या घरट्यासारखी, गोल झोंपडी बांधून झाली; तेवढीच एक जास्त खोली. अखेर १८०८ मध्यें सारीं अ‍ॅलन बँक या प्रशस्त नव्या घरीं गेलीं. हें घर बांधलें जात असतां त्यानें गांवाचें सौंदर्य नासलें म्हणून विल्यमनें बोटें मोडलीं होतीं. घरानें त्याचा सूड घेतला. पहिल्याच हिवाळ्यांत एकूणएक धुरांडीं धूर ओकूं लागलीं. भांडीं धुऊन कपाटांत ठेवावींत तों काजळीनें माखावीं. एका वादळी दिवशीं तान्ह्या मुलाला ऊब मिळावी म्हणून भर दिवसा अंथरुणांत शिरावें लागलें, आणि डोरोथी हातांत मेणबत्ती असूनहि धुरामुळें खुर्चीला अडखळली. टाउन एंडच्या घरीं एक शेगडी बिघडली होती तर दुसरी तरी शहाणी होती.

जुन्या घरांत १८०९ मध्यें डी क्विन्सी हा लेखक राहावयास आला. त्याच्यासाठीं तें सजवून देण्याचें कामहि डोरोथीनेंच अंगावर घेतलें होतें. दोन वर्षांनीं त्यानें बागेला उजेड मिळावा म्हणून झाडें तोडलीं आणि ती शेवाळाची झोंपडीहि पाडली. कायद्यानें त्यांत वावगें कांहीं नव्हतें. भाडेकरू आतां तो होता. डोरोथी मात्र इतकी दुखावली कीं त्याच्याशीं पुन्हां बोलावयाचें नाहीं असें म्हणूं लागली.

१८९० सालीं वर्गणी जमवून ६५० पौंडांना तें घर विकत घेण्यांत आलें आणि पुढच्या वर्षीं लोकांस खुलें झालें. कोठीवरची ती लहान खोलीहि पाहुण्यांना दाखवितात. तिच्या भिंतींना आज वर्तमानपत्रें चिकटविलेलीं आहेत. डोरोथीनें खळ लावून बसविलेलीं तीं नव्हेत. तीं केव्हांच निघून गेलीं.