‘कोरडा’

हवेस लागणारें विशेषण मनास लावण्याची चाल पुष्कळ भाषांत आढळते. मात्र त्याचा अर्थ सर्वत्र सारखा होत नाहीं. इंग्रजांस ‘ड्राय’ विनोद आवडतो. चेहऱ्यावरची रेषाहि न हलवितां थट्टा करणें हा तेथें गुण ठरतो. मराठींत ‘कोरडा’ शब्द मनाला लागला कीं दोष आलाच! कोरडा उपदेश, कोरडी सहानुभूति, कोरडें स्वागत या सर्वांत जें मिळावयाचें तें मिळालें नाहीं, असाच भाव असतो.

याचें कारण आमच्या पावसांत असावें. महाबळेश्वरीं दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस थोडे मैल उतरून गेलें कीं तो वीस इंचांच्या आसपास येतो. अशा मुलखांत पाणी न देणारें आभाळ आणि ओलावा न देणारें मन यांस एकच शब्द सुचला, तर नवल नाहीं.

१८७६ सालीं दख्खनमध्यें पाऊस फसला. दुष्काळी कामांवर माणसांची रीघ लागली. १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांनीं, मजुरास रोज एक पौंड धान्य व वर थोडेसे पैसे पुरेत, असें ठरविलें. हजारों मजुरांनीं कामें सोडलीं. पुणें सार्वजनिक सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळविली व राबणाऱ्या देहास एवढें अन्न पुरत नाहीं, हें सरकारास लिहून कळविलें.

आंकडे कोरडे असतात, असें आपण सहज म्हणतों. येथें दोन्ही पक्षांजवळ आंकडेच होते. पण एकांत खजिन्याची काळजी होती, दुसऱ्यांत उपाशी माणसाची.

काळ्या रानाचेंहि असेंच आहे. पावसाळा सरल्यावर वरची माती कोरडी होते. परंतु खालीं ओल टिकून राहते आणि तिच्यावर रब्बीची ज्वारी पिकते. म्हणून जाणता शेतकरी वीतभर माती उकरल्यावांचून रानास कोरडें म्हणत नाहीं. सभेनें त्या वर्षीं हेंच केलें. गोड बोलणाऱ्यास ओला आणि रूक्ष बोलणाऱ्यास कोरडा ठरविण्यापूर्वीं आपणहि तितकी तसदी घ्यावी, हें बरें.