हिरडीवरचे मांस

त, थ, द, ध ही अक्षरे उच्चारून पाहा. जिभेचे टोक पुढच्या दातांमागे टेकते. वैयाकरण त्यांना दंत्य म्हणतात ते याचसाठी. तेथेच हिरडीचे मांस वाढून लोंबू लागले, म्हणजे उच्चार बिघडतो, घास चावताना रक्त येते आणि हसताना माणूस तोंडावर हात धरतो. ही वाढ कर्करोगाची नव्हे. पण कापली तरी पुन्हा उगवण्याची तिला खोड आहे, आणि या खोडीपायीच शल्यवैद्य शतकानुशतके हैराण झाले.

ग्रीक वैद्य तिला 'एप्युलिस' म्हणत. शब्दाचा अर्थच हिरडीवरचे. स्पेनमधील कॉर्डोव्हाचा अबुल कासिम अल् झहरावी (936–1013) याने दिलेली रीत अशी: वाढ आकडीत किंवा चिमट्यात धरावी, मुळाशी छाटावी, रक्त वाहू द्यावे, मग हिराकस किंवा तुरट चूर्णे लावावीत. पुढे तो प्रांजळपणे लिहितो की ती पुष्कळदा परत येते. तेव्हा पुन्हा कापून डाग द्यावा. जागा बधिर करण्याची सोय नसताना तोंडात तापलेले लोखंड! रोग्याचे काय हाल झाले असतील, ते आपणच कल्पावे.

मौज अशी की दातांवरचे कीटण खरवडण्याची हत्यारेही याच ग्रंथात रेखाटलेली आहेत, आणि किटणाने हिरडी बिघडते हेही सांगितले आहे. आपल्याकडे सुश्रुतानेही दातांच्या मुळाला इजा न करता दंतशर्करा काढावी, असे बजावले आहे. पण झहरावीच्या ग्रंथात कापणे हे एक प्रकरण, खरवडणे हे दुसरे.

अपस्मारावर फेनिटॉइन हे औषध 1938 साली अमेरिकेत आले. 1939 मध्येच ते घेणाऱ्यांच्या हिरड्या वाढलेल्या आढळल्या. 1965 साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 12 निरोगी माणसांना दात घासणे बंद करायला लावले. तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणे सुरू होताच बऱ्या झाल्या. सूज म्हणजे वाढ नव्हे, हे खरे. पण वाढीला खतपाणी तीच घालते.

म्हणून आज दंतवैद्य आधी कीटण काढतात, औषध बदलता येईल का ते पाहतात आणि काही आठवडे थांबतात. एवढ्यानेही पुष्कळदा वाढ ओसरते. उरलीच तर जागा बधिर करून जादा मांस तिरक्या छेदाने काढतात. एकटी गाठ असेल तर हाडाच्या आवरणापर्यंत जातात आणि काढलेला तुकडा तपासणीस पाठवतात. गर्भारपणात उगवलेल्या गाठीला मात्र सहसा घाईने हात लावीत नाहीत, कारण बाळंतपणानंतर ती बहुधा आपोआप आक्रसते.