गावठाणातलं घर कुणाचं?

आमच्या ऑफिसातला एक मित्र हॉलंडला गेला आणि आइंडहोव्हनच्या बाहेर एका शांत खेड्यात त्याने चक्क घर घेतलं. फोटो सगळ्यांनी बघितले, लाइक केले. मला मात्र घरापेक्षा त्याच्या कागदांचं जास्त कौतुक वाटलं. तिथल्या भूमापन खात्याला 'कादास्टर' म्हणतात. नेपोलियनच्या काळात सुरू झालेली मोजणी पूर्ण करून 1832 मध्ये या खात्याचं काम सुरू झालं. शेत, कालवा, घर, अंगण, प्रत्येक तुकड्याला नंबर आणि प्रत्येक नंबराला मालक. खरेदीखत नोटरीसमोर होतं, आणि सौद्यावर सही केल्यावर विचार बदलायला घेणाऱ्याला कायद्याने तीन दिवस मिळतात. (आपल्याकडे विचार बदलला की आधी विसार बुडतो!)

आता हेच घर गडहिंग्लज तालुक्यातल्या एखाद्या शांत गावात घ्यायचं म्हटलं तर?

हा प्रश्न मी उगाच विचारत नाहीये. बाबा रिटायर होतायत आणि त्यांना पुण्यात राहायचं नाही. हिरण्यकेशीपासून जवळच्या एका गावात एक जुनं कौलारू घर विकायला निघालंय. पुढे सोपा, मग माजघर, मागे परडं आणि परड्यात फणस. किंमत हिंजवडीच्या वन बीएचकेच्या जवळपासही जात नाही. कागद मागितले तर एकच आला, ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8. वकिलांनी तो बघितला आणि म्हणाले, "हा घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा नाही." मग मालकीचा कुठाय? तर तो कधी तयारच झाला नव्हता. असं कसं, म्हणून वाचायला बसलो आणि दोन वीकएंड त्यातच गेले.

जुन्या गावाचे दोन भाग असत, पांढरी आणि काळी. वस्तीची जागा ती पांढरी, शेताची ती काळी. देशावरच्या गावात राहणारा माणूस एकतर मिरासदार असे नाहीतर उपरी. मिरासदाराची जमीन आणि घराची जागा पिढीजात. उपरी बाहेरून आलेला, कसेल तोवर राहील. 'उपरा' हा आपला शब्द त्याच घरातला, आणि पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्याला तो बरोबर लागू पडतो :)

मिरास विकताही येत असे, पण पैसे टाकले आणि किल्ली घेतली असा मामला नव्हता. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारीपाजारी सगळ्यांसमोर मिरासपत्र व्हायचं. ज्याला लिहिता येत नाही तो आपल्या धंद्याची निशाणी करायचा, पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. म्हणजे घर घेणं ही गावात सामील होण्याची गोष्ट होती आणि गावाने 'हो' म्हणावं लागायचं. दुष्काळात किंवा स्वारीत परागंदा झालेला मिरासदार कित्येक वर्षांनी परत आला तरी त्याचा हक्क मानला जाई.

हे वाचून गहिवरून येण्याआधी दुसरी बाजूही बघायला हवी. गाव 'हो' म्हणणार कुणाला? पांढरीत कुणी कुठे राहायचं ते जातीने ठरलेलं होतं आणि महारवाडा गावकुसाबाहेर होता. गावाची कामं पिढ्यान् पिढ्या करूनही पांढरीत घर मागायची सोय नव्हती. 'शांत, एकोप्याचं जुनं गाव' असं कुणी म्हणालं की मला आता हे आठवतं.

मग इंग्रज आले आणि त्यांनी मोजणी काढली. प्रिंगलची पहिली मोजणी फसली. 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने सुरुवात केली, आणि तीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. हातात 33 फुटांची साखळी. साखळी गुणिले साखळी म्हणजे 1089 चौरस फूट, हाच आपला गुंठा. 40 गुंठ्यांचा एकर. आज आपण ज्या 'गुंठ्या'वरून भांडतो तो मुळात एका साखळीचा चौरस आहे. कोल्हापूर संस्थानातही पुढे याच पद्धतीने मोजणी झाली.

पण ही सगळी खटपट शेतसाऱ्यासाठी होती. शेताला सर्व्हे नंबर पडले, हद्दीचे दगड लागले. गावठाणातल्या शेतकऱ्याच्या घरावर सारा नव्हता, मग ते मोजायचं कशाला? अख्खी पांढरी नकाशावर एक मोकळा डाग म्हणून सोडून दिली. हॉलंडातली मोजणीही करासाठीच होती, पण तिथे घरावरही कर होता, म्हणून घरं मोजली गेली. आमच्या वकिलांच्या टेबलावरचा घोळ असा पावणेदोनशे-दोनशे वर्षं जुना निघाला. ज्यातून पैसा येत नव्हता ते कागदावर आलंच नाही.

आणि कागदावर येणं लोकांना तेव्हा हवंच होतं असंही नाही. गडहिंग्लजपासून दहा-बारा किलोमीटरवर सामानगड आहे. गडाची राखण करणारे गडकरी. त्या चाकरीबद्दल त्यांना जमिनी होत्या. 1840 च्या सुमारास कोल्हापूरचे राजे अल्पवयीन होते आणि कंपनी सरकारने दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमलं होतं. त्यांच्या सुधारणांमध्ये गडकऱ्यांच्या जमिनींचा कारभार मामलेदाराकडे गेला. गडकऱ्यांनी त्याचा अर्थ सरळ लावला. आज दफ्तर गेलं, उद्या चाकरी जाईल, परवा जमीन. 1844 च्या जुलैत त्यांनी सामानगडाचे दरवाजे आतून लावून घेतले. भुदरगड उठला, पुढे पन्हाळाही. ऑक्टोबरात कंपनीच्या फौजेने सामानगड घेतला आणि गडाची तटबंदी पाडली. ट्रेकला जाणारे आपण तिथे विहिरी बघतो, मारुतीला नमस्कार करतो आणि परततो. हे बंड पेटायला एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे गेलेल्या नोंदी कारण झाल्या, हे मला ठाऊकच नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर अॅडमिन राइट्स बदलले आणि युजरना कुणी विचारलं नाही. (ह. घ्या.)

संस्थानात पुढचा मोठा बदल शाहू महाराजांनी केला. 1918 मध्ये त्यांनी कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले, आणि त्याच वर्षी महार वतनंही रद्द करून त्या जमिनी रयताव्याने कसणाऱ्यांच्या नावावर केल्या. ब्रिटिश मुलखाच्या बऱ्याच आधी! गावचा कागद एका घराण्याच्या वाड्यातून सरकारी दफ्तरात आला. पण तो कागदही शेताचाच.

1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि तिथला कूळकायदाही इकडे लागू झाला. त्याचं 63 वं कलम आपल्या पिढीला चांगलंच माहीत आहे. शेतकरी नसाल तर शेतजमीन घेता येत नाही, खास परवानगी लागते. त्यामुळे सातबारा नसलेल्या आयटीवाल्याला गावात शिरायला गावठाण हाच सोपा दरवाजा उरतो, आणि नेमका त्याच दरवाजाला पाटी नाही.

बरं, अशी घरं रिकामी का पडतात? गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यातली माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. परळ-लालबागला गावकऱ्यांच्या सामायिक खोल्या असायच्या, पाळीप्रमाणे झोपायचं आणि पैसे गावी पाठवायचे. त्या पैशांतून इकडे मंगलोरी कौलं चढली, सोप्याला शहाबादी फरशी आली. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. त्यानंतर काही परत आले, काही तिकडेच राहिले, आणि त्यांची मुलं डोंबिवली-बदलापूरला गेली. घर मात्र सगळ्यांच्या नावावर, म्हणजे आजोबांच्या. विक्रेत्याला वाटतं सही आपली एकट्याची पुरेल. 1994 मध्ये महाराष्ट्राने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अटही गेली. 'बहिणींचं काय, त्या देतील सोडून' असं अजूनही सहज म्हटलं जातं. देतीलही, पण विचारायला तर हवं!

नकाशावरचा तो डाग अखेर ड्रोनने भरायला घेतला. 24 एप्रिल 2020 ला 'स्वामित्व' योजना जाहीर झाली आणि त्याच वर्षी 11 ऑक्टोबरला देशातल्या 763 गावांत पहिली मिळकत पत्रिका वाटली गेली. त्यातली 100 गावं महाराष्ट्रातली. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे चुना. ड्रोन उडायच्या आधी प्रत्येकाने आपापल्या घराभोवती चुन्याची रेघ ओढायची, शेजाऱ्याने ती मान्य करायची आणि मग वरून फोटो. वळचणीचं पाणी कुणाच्या बोळात पडतं, उकिरडा कुणाचा, पिढ्यान् पिढ्या तोंडी चाललेलं सगळं त्या पांढऱ्या रेघेवर येतं. तंत्रज्ञान उपग्रहाचं, पण साक्ष शेजाऱ्याचीच. नांगर आणि आरशाच्या निशाणीपासून आपण फार लांब आलेलो नाही.

आम्ही बघतोय त्या घराची चौकशी अजून चालू आहे. मुंबईत तीन भाऊ, त्यांची संमती आली. दोन बहिणी, त्यातल्या मोठीने सही केली. धाकटी संकेश्वरला असते. हिस्सा नको, पैसेही नको म्हणाली, पण सही करायच्या आधी एकदा ते घर आतून बघायचंय. कुलूप उघडून साफसफाई करून ठेवायला तिने सांगितलंय. मे महिन्यात येणार आहे.