उंबरठ्याचे दहा दिवस

धुळवडीच्या दुपारी आमची मोठी, वय वर्षं आठ, घरी आली ती फ्रॉकच्या ओच्यात काहीतरी लपवून. तोंड गुलाबी, केस हिरवे. ओच्यातलं ते काहीतरीसुद्धा अर्धं गुलाबी होतं आणि कुंईकुंई करत होतं. तिच्या मागे धाकटा, वय चार, "आपलंय, आपलंय" म्हणत उड्या मारत होता.

सासूबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी पिल्लाकडे पाहिलं आणि एकच शब्द म्हटला, "हाड!"

मराठीत कुत्र्याशी बोलायला मुख्यतः दोनच शब्द आहेत. एक 'यू यू' आणि दुसरा 'हाड'. एक भाकरी दाखवताना, दुसरा भाकरी संपल्यावर. मी जालन्यात अकरावी-बारावीला इतिहास शिकवते. त्या दिवसापासून पाडव्यापर्यंत आमच्या घरात जे झालं, त्यात मला या दोन शब्दांचा इतिहास शोधावा लागला. हौस म्हणून नाही, भीतीपोटी.

फाल्गुनातली पिल्लं

फाल्गुन लागला की गल्लीतल्या मुलांच्या हातात पिल्लं का दिसतात? आपल्याकडची रस्त्यावरची कुत्री बहुतेक करून पावसाळा संपताना जमतात आणि थंडीत वितात. म्हणजे शिमग्यापर्यंत पिल्लू दोन-अडीच महिन्यांचं होतं. आईपासून सुटं, बुटक्या पायांवर धावणारं आणि कुणाच्याही मागे जाणारं. नेमक्या त्याच दिवसांत मराठवाड्यातल्या शाळा सकाळच्या होतात आणि मुलांना मोकळ्या दुपारी मिळतात. दोघांची गाठ पडायचीच.

मग ही सगळी पिल्लं जातात कुठे? कोलकात्याच्या संशोधकांनी पश्चिम बंगालमध्ये पाच वर्षं ९५ वेतांमधल्या ३६४ पिल्लांचा माग ठेवला. सात महिन्यांपर्यंत त्यातली जेमतेम १९ टक्के जगली. मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसांमुळे गेली. कुणी गाडीखाली, कुणी मारल्यामुळे, कुणी आईपासून उचलून नेल्यामुळे. शेवटचं कारण वाचलं आणि मी मोठीच्या ओच्याकडे पाहिलं.

त्या रात्री तह झाला. पिल्लू ओसरीवर राहील, उंबरठ्याच्या आत येणार नाही. शेवटची भाकरी त्याची. ही अट सासूबाईंचीच. त्यांच्या माहेरी, भोकरदन तालुक्यात, शेवटची भाकरी कुत्र्याचीच असायची. द्यायची, पण दाराबाहेर.

दारातली जागा

भोकरदनचं नाव निघालं म्हणून सांगते. आमचा जिल्हा इतिहासाच्या पुस्तकात येतो तो भोकरदनजवळच्या असईमुळे. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली यांची लढाई झाली. तोफा किती, माणसं किती पडली, सगळं लिहून ठेवलंय. वेलस्लीच्या ज्या घोड्याला भाला लागला, त्याचं नाव डायोमेड होतं, हेसुद्धा आपल्याला माहीत आहे. घोड्याला नाव मिळतं. कुत्र्याला मिळायला फार नशीब लागतं.

रायगडावरच्या वाघ्याला मिळालं, पण त्याच्या कथेला समकालीन पुरावा नाही, असं इतिहासकार सांगतात. पक्का पुरावा शोधायचा तर मागे जाऊन दहाव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात पोहोचावं लागतं. तेच राष्ट्रकूट, ज्यांनी वेरूळचं कैलास लेणं कोरलं. त्यांच्या तिसऱ्या कृष्णाने ९४९ च्या सुमारास तक्कोलमला चोळांना हरवलं. त्या लढाईत गाजलेल्या मणलेर नावाच्या वीराला त्याचा धनी, गंग राजा बूतुग, काय हवं ते माग म्हणाला. त्याने मागितली 'काळी' नावाची एक शिकारी कुत्री. पुढे एका रानडुकराशी झुंजताना डुक्कर आणि काळी दोघंही मेली. मणलेराने काळीसाठी दगड उभारला, त्यावर झुंज कोरली आणि लेख लिहिला. कर्नाटकातल्या आतकूर गावचा हा दगड आता बंगळूरच्या संग्रहालयात आहे. जमीन, सोनं मागता आलं असतं. याने कुत्री मागितली.

पण काळी राजाची होती. सामान्य घरातल्या कुत्र्याची जागा ठरलेली होती. जुन्या घरांत वैश्वदेव करताना कुत्र्याचा, कावळ्याचा वाटा काढत, तो घराबाहेर जमिनीवर ठेवायचा. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. खंडोबाचे भक्त स्वतःला वाघ्या म्हणवतात आणि देवाचं कुत्रं होऊन भुंकतातही. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही गोष्ट आपण बालवाडीत ऐकतो. नीट पाहा, त्या गोष्टीतही कुत्रं भाकरी घेऊन बाहेर पळतं आणि संत त्याच्यामागे बाहेर जातात. त्याला हाक मारून आत बसवून कुणी वाढत नाही.

महाभारतही असंच. सुरुवातीच्या भागात जनमेजयाच्या यज्ञाजवळ एक पिल्लू येतं. राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे, सरमेकडे जातं, आणि सरमा राजाला जाब विचारते: माझ्या लेकराने हविर्द्रव्य चाटलं नाही, त्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मग मारलं का? आणि शेवटी स्वर्गाच्या दारात इंद्र धर्मराजाला सांगतो, हे कुत्रं आत येणार नाही. सुरुवातीलाही दार, शेवटीही दारच.

पानात वाटा आहे, देवाच्या पायाशी जागा आहे, घरात मात्र नाही. हे मी सासूबाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "मंग? बरोबरच हाय की."

चौदा

रंगपंचमीला धाकट्याने पिल्लाच्या तोंडातून चेंडू ओढला. पिल्लाने त्याचं बोट धरलं. सुईसारखे दात. रक्ताचा एक थेंब आला.

सासूबाई पांढऱ्या पडल्या. त्यांच्या भावाला लहानपणी पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. तेव्हा जालना हा जिल्हाही नव्हता, तो १ मे १९८१ ला झाला. त्याआधी सगळं औरंगाबादला. भावाला तिकडे नेलं आणि रोज एक, अशी चौदा इंजेक्शनं बेंबीच्या भोवती दिली. भाऊ वाचला. पण शेजारच्या वस्तीवरचा एक पोरगा गेला नाही, आणि पुढे काय झालं ते त्या कधीच पूर्ण सांगत नाहीत. फक्त एवढंच म्हणतात, "पाण्याला भ्यायला लागला."

ती चौदा इंजेक्शनं हा आपल्या आजी-आजोबांच्या पिढीचा इतिहास आहे. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ ला जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पॅरिसमध्ये रेबीजची लस टोचवली. कसौलीची पाश्चर इन्स्टिट्यूट १९०० मध्ये उघडली. कसौलीतच डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस बनवायची रीत काढली. स्वस्त होती, इथेच बनायची, म्हणून देशभर गेली. तिने पुष्कळ जीव वाचवले, पण ती फार दुखायची आणि क्वचित मज्जासंस्थेवर उलटायची. भारतात ती पूर्ण बंद व्हायला २००५ च्या आसपासचा काळ उजाडला.

लस नव्हती तेव्हा उपाय एकच होता, मारणं. मुंबईत इंग्रजांच्या पोलिसांना उन्हाळ्यात बेवारस कुत्री मारायचा हुकूम असे. १८३२ मध्ये ती मुदत वाढवली आणि दर कुत्र्यामागे आठ आणे लावले. शिपाई घरांच्या आसपासची पाळलेली कुत्रीही उचलू लागले. ६ जूनला पारशी समाज रस्त्यावर उतरला, हिंदूही आले आणि शहर बंद पडलं. त्या दंग्यात श्रद्धा होती, कंपनी सरकारचा रागही होता. आपण वाटा देतो त्या जिवाला दारातून ओढून नेलं जातंय, हेही होतंच.

'हाड' या शब्दामागे सोवळं-ओवळं आहे, हे मला ठाऊक होतं. त्यामागे बेंबीभोवतीच्या चौदा सुया आणि पाण्याला भिणारा एक पोरगा आहे, हे रंगपंचमीला कळलं.

दहा

आम्ही बोट वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतलं. आमच्याकडे नळ काही दिवसांआड येतो, पण त्या दिवशी टाकीकडे कुणी पाहिलं नाही. लगेच सरकारी दवाखाना. आता इंजेक्शनं दंडात, बारीक सुईने: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. डॉक्टर म्हणाले, "लस तर देऊच. शिवाय पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवा. दहा दिवस ते धडधाकट राहिलं, तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात."

रंगपंचमी म्हणजे वद्य पंचमी. तिथून दहावा दिवस अमावास्या, आणि दुसऱ्या दिवशी पाडवा. मोठीने कॅलेंडरवर दहा गोल काढले.

तिसऱ्या गोलाला पिल्लू ओकलं. संध्याकाळी रक्ताची जुलाब. रात्री आम्ही नवरा-बायको कुजबुजत होतो, कारण दोघांच्या मनात एकच शब्द होता.

सकाळी पशुवैद्याने तपासून सांगितलं, पार्व्हो. रेबीज नाही. पार्व्हो माणसाला होत नाही. कुत्र्यांमधला हा विषाणू १९७८ मध्ये जगभर पसरला. लस न दिलेल्या पिल्लांना तो पटापट मारतो. उपाय म्हणजे सलाईन, ऊब, स्वच्छता आणि वाट पाहणं. "हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा, आणि आशा फार ठेवू नका," ते म्हणाले.

आता गंमत पाहा. पिल्लू पार्व्होने मेलं असतं, तर दहा दिवस पुरेच झाले नसते. डॉक्टरांनी कितीही सांगितलं असतं, तरी सासूबाईंच्या आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात ती शंका अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत राहिली असती. आमच्या मुलाची झोप त्या सातशे ग्रॅमच्या जिवाला टांगलेली होती.

ओसरीच्या खिडकीच्या गजाला सलाईनची बाटली बांधून बसले असताना मला बॉनजवळचं ओबरकासेल आठवलं. १९१४ मध्ये जर्मनीतल्या या ठिकाणी खाणीत सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीची कबर सापडली. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर एक कुत्र्याचं पिल्लू. शंभरेक वर्षांनी संशोधकांनी त्याचे दात पुन्हा तपासले. त्यावरच्या खुणांवरून दिसलं, की पाच महिन्यांचं असताना त्याला डिस्टेंपर झाला असावा. तो आजारही पिल्लांना मारतोच. पण हे सात महिन्यांपर्यंत जगलं. म्हणजे काही आठवडे कुणीतरी त्याला पाणी पाजलं, ऊब दिली, घाण पुसली. तेव्हा शेती नव्हती, गाव नव्हतं. शिकारीला किंवा राखणीला त्या आजारी पिल्लाचा काडीचा उपयोग नव्हता.

कुत्रं घरात घेणं हे शहरी फॅड आहे, असं आपण म्हणतो. पण आजारी पिल्लाची घाण पुसणं उंबरठ्याहून जुनं आहे.

अमावास्या

पाचव्या गोलाच्या रात्री वारं सुटलं. विजा, मग टपोरे थेंब. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याला गारपिटीने झोडपलं, मोसंबीचे बाग उघडेबोडके झाले. तेव्हापासून सासूबाई मार्चच्या ढगाला उभ्याने जागतात. मी उठले तर ओसरी रिकामी. पिल्लू नाही, खोकं नाही.

दिवा लावला. सासूबाई उंबरठ्याच्या आत, भिंतीला टेकून बसल्या होत्या. हातात माझे हातमोजे, उलटे घातलेले. शेजारी खोकं, त्यात त्यांच्या जुन्या लुगड्याची घडी. बाटली दाराच्या कडीला अडकवलेली.

"अहो आई, तुम्ही आत घेतलंत?"

"मंग काय गारात मारू? कामून उठलीस तू, झोप."

आठव्या गोलाला त्याने भाताची पेज चाटली. नवव्याला शेपूट हललं. दहावा गोल अमावास्येचा. मोठीने त्यात लाल रंग भरला. धाकट्याची तीन इंजेक्शनं झाली होती, चौथं आम्ही वेळेवर घेतलंच.

पाडव्याला गुढी उभारली, कडुलिंबाची पानं वाटली. धाकट्याने तोंड वाकडं करून पान गिळलं आणि गळ्यातल्या गाठीची एक पाकळी पिल्लापुढे धरली. पिल्लाने ती चाटून चाटून संपवली. त्याचं नाव गाठी पडलं.

गाठी तीन महिन्यांचा झाल्यावर त्याला रेबीजची लस टोचायला नेलं. सासूबाई हट्टाने बरोबर आल्या. त्यांनी विचारलं, "याला बी चौदाच का?"

"नाही आजी. आता एक, महिन्याने एक, मग वर्षाला एक."

"एवढंच?" त्या बराच वेळ गप्प होत्या. रिक्षात मला म्हणाल्या, "आमच्या टायमाला हे असतं, तर आमी बी घेतलं असतं आत."

उंबरठा कशाने हलला, याचं मला सापडलेलं उत्तर हेच. माया जुनीच होती, हिंमत त्या सुईने दिली.

त्या अजूनही दिवसातून दहा वेळा 'हाड' म्हणतात. फरक एवढाच, की आता गाठीला त्यामुळे स्वयंपाकघरातून उठून हॉलमध्ये जावं लागतं.