पोलीस पाटील

पोलीस पाटील हे महाराष्ट्रातील ग्रामपोलीस व्यवस्थेतील गावपातळीवरील पद आहे. गावात शांतता व सुव्यवस्था राखण्यास मदत करणे आणि गुन्ह्यांची खबर पोलीस ठाण्यास व दंडाधिकाऱ्यास देणे ही या पदाची मुख्य कर्तव्ये होत. पोलीस पाटील हा नियमित पोलीस दलाचा कर्मचारी नसतो. तो त्याच गावचा रहिवासी असतो, त्याला गणवेश नसतो आणि वेतनाऐवजी मानधन मिळते.

इतिहास

पाटील हा पूर्वापार गावचा प्रमुख वतनदार होता. सारावसुली आणि गावचा बंदोबस्त या दोन्ही जबाबदाऱ्या त्याच्याकडे असत. ब्रिटिश काळात या कामांची विभागणी होऊन मुलकी पाटील आणि पोलीस पाटील असे भेद रूढ झाले. मुंबई इलाख्यात १८६७चा ग्रामपोलीस कायदा लागू होता. आजचा वाशिम जिल्हा ज्या वऱ्हाडात मोडतो, तेथे पाटील-पटवाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा होता. मुलकी पाटलाचे पद १९६२च्या कायद्याने रद्द झाले. त्यानंतर महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ या कायद्याने राज्यभर एकच व्यवस्था आणली. वंशपरंपरेने चालत आलेला मान संपून पोलीस पाटलाचे पद नियुक्तीचे झाले.

नियुक्ती

नियुक्ती उपविभागीय दंडाधिकारी करतात. उमेदवार त्या गावचा रहिवासी, २५ ते ४५ वर्षे वयाचा आणि दहावी उत्तीर्ण असावा लागतो. निवड लेखी परीक्षा व मुलाखतीद्वारे होते. पदांना सामाजिक आरक्षण लागू असून महिलांसाठीही पदे राखीव असतात. त्यामुळे एकेकाळी ठरावीक घराण्यांपुरते असलेले हे पद आता सर्व समाजघटकांतील स्त्री-पुरुषांना खुले झाले आहे. नियुक्ती ठरावीक मुदतीसाठी असून तिचे नूतनीकरण करता येते. वयाच्या ६०व्या वर्षी सेवा संपते.

कर्तव्ये व अधिकार

गावातील गुन्हे, सार्वजनिक शांतता व आरोग्य यांबाबत दंडाधिकारी आणि पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी यांना वेळोवेळी माहिती देणे पोलीस पाटलावर बंधनकारक आहे. गावात अनैसर्गिक वा आकस्मिक मृत्यू घडल्यास किंवा बेवारस प्रेत आढळल्यास तो गावातील दोन किंवा अधिक समंजस व्यक्तींना एकत्र करून प्राथमिक चौकशी करतो. गंभीर गुन्ह्यातील संशयितास पकडून पोलीस ठाण्याच्या स्वाधीन करण्याचा अधिकार त्याला आहे. परंतु अशा व्यक्तीस प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते. शिक्षा करण्याचा अधिकार त्याला नाही.

२००७मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत गावसमितीतही पोलीस पाटलास स्थान देण्यात आले.

उत्तरदायित्व

ग्रामपोलिसांवर नियंत्रण जिल्हा दंडाधिकाऱ्याचे असते, पोलीस ठाण्याचे नव्हे. पोलीस पाटील ठाण्यास साहाय्य करतो. मात्र त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई करण्याचा अधिकार ठाणेदारास नाही. गैरवर्तन किंवा कर्तव्यात कसूर केल्यास ताकीद, दंड, निलंबन, पदावरून दूर करणे किंवा बडतर्फी अशा कारवाया होऊ शकतात. नियुक्ती वा बडतर्फीसंबंधीचे वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे जातात.

पोलीस पाटील कायद्याने लोकसेवक आहे. कर्तव्य बजावताना त्याच्यावर हल्ला करणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. याच दर्जामुळे लाच घेतल्यास त्यालाही १९८८चा भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम लागू होतो. पदाला मिळणारे संरक्षण आणि पदावरील बंधन ही दोन्ही एकाच दर्जातून येतात.

प्रतिष्ठा व मर्यादा

वाशिम जिल्ह्यातील आसेगावसारख्या ग्रामीण पोलीस ठाण्यांच्या हद्दीत अनेक गावे येतात आणि ठाण्यातील मनुष्यबळ मर्यादित असते. घटना घडल्यावर प्रथम पोहोचणारा शासनाचा प्रतिनिधी बहुधा पोलीस पाटीलच असतो. पोलीस येईपर्यंत घटनास्थळ जसेच्या तसे राखणे, जमाव शांत ठेवणे आणि खरी हकीकत सांगणे यांवर पुढील तपास बराच अवलंबून राहतो.

गावातच राहत असल्याने त्याला भाऊबंदकी, शेजार व गटातटाचे राजकारण टाळता येत नाही. खबर दिली तर गावकऱ्यांचा रोष आणि दडवली तर कर्तव्यच्युती, असा पेच त्याच्यापुढे उभा राहतो. राजकारणापासून अलिप्त राहण्याची अपेक्षा याच कारणाने महत्त्वाची ठरते. वतनदारीच्या काळात मान जन्माने मिळे. आता तो निःपक्षपाती वर्तनावर अवलंबून आहे. नातलगाच्या गुन्ह्याचीही खबर देणाऱ्या पोलीस पाटलाच्या शब्दाला गावात आणि ठाण्यात वजन राहते. एका गटाची बाजू घेणाऱ्याकडे तक्रार घेऊन जाण्यास दुसरा गट धजत नाही.

मानधन

पोलीस पाटलाचे मासिक मानधन २०१९मध्ये ३,००० रुपयांवरून ६,५०० रुपये करण्यात आले. मार्च २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते १५,००० रुपये करण्याचा निर्णय घेतला. हे पद पूर्णवेळ नोकरीचे नसल्याने बहुसंख्य पोलीस पाटील शेती किंवा गावातील अन्य व्यवसाय सांभाळून हे काम करतात.