काळाचौकी

मध्य मुंबईच्या गिरणगावातील एक कामगार वस्ती. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या एफ दक्षिण विभागात ती मोडते. तिच्या पश्चिमेस लालबाग व चिंचपोकळी, दक्षिणेस घोडपदेव आणि पूर्वेस हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन स्थानक आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेवरील रेल्वेगाडी बोरीबंदर ते कुर्ला धावली ती याच मार्गाने. बंदरालगतच्या कापसाच्या वखारी आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या गिरण्या यांवर ही वस्ती पोसली गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली पुकारलेल्या संपानंतर मात्र येथील गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबत गेले.

ससून समूहाच्या गिरण्या १९४३ नंतर इंडिया युनायटेड मिल्स म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांपैकी काळाचौकीतील क्रमांक २ व ३ च्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याचे महानगरपालिकेने ठरविले, परंतु ते काम दीर्घकाळ रेंगाळले. गिरणी कामगाराची कला पाहावयाची तर संग्रहालयाची वाट पाहण्याचे कारण नाही. ती लालबाग-परळच्या मूर्तिशाळांत, म्हणजे बोलीतील ‘कारखान्यांत’, दरवर्षी नव्याने घडते. उंच मूर्तीसाठी आधी लाकडाचा व लोखंडाचा सांगाडा उभा करतात, साच्यात काथ्या घालून ओतलेले प्लास्टरचे अवयव त्यावर जोडतात, सांधे बुजवून पृष्ठभाग घासतात आणि रंगकाम झाल्यावर डोळ्यांची आखणी करतात. हे शेवटचे काम जाणत्या हाताकडेच जाते, कारण मूर्तीचा भाव तेथेच ठरतो. चिंचपोकळीचा चिंतामणी (१९२०), गणेश गल्लीचा ‘मुंबईचा राजा’ (१९२८) आणि लालबागचा राजा (१९३४) ही या परिसरातील ख्यातकीर्त सार्वजनिक मंडळे. काळाचौकीचा महागणपतीही त्याच परंपरेतला.

खाद्यसंस्कृतीचे मूळही गिरणीतच सापडते. कोकणातून व घाटावरून आलेले एकटे कामगार घरगुती खानावळींत जेवत आणि पगार झाला की पैसे चुकते करीत; या खानावळवाल्या बायकांना संघटित करण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. लालबागची चिवडा गल्ली बाराही महिने गजबजलेली असते, तर मसाल्याच्या बाजाराला चैत्र-वैशाखात भर येतो. बेडगी व संकेश्वरी मिरची पारखून, धणे व खडा मसाला वजन करून घेतला जातो. तो मोठ्या कढईत भाजून डंकावर कुटून घेताना सोबत आलेल्या माणसाला ठसका लागल्यावाचून राहत नाही. वर्षभराचे मालवणी तिखट अशा एका खेपेत घरी जाते.

दिवसभराच्या भेटीत सकाळी शिवडीचा किल्ला आणि हिवाळा-उन्हाळ्यात खाडीच्या चिखलावर उतरणारे रोहित पक्षी, दुपारी भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय (वास्तू १८७२) व संध्याकाळी लालबागचा बाजार एवढे सहज होते. मात्र पक्षी भरती-ओहोटी पाहूनच गाठावे लागतात. गणेशोत्सवातील दहा दिवस दर्शनाच्या रांगांतच जात असल्याने मूर्तिकला पाहू इच्छिणाऱ्याने आषाढ-श्रावणात येणे श्रेयस्कर.