हातापायांतील मज्जातंतूंची पुनर्वाढ

हातापायांतील मज्जातंतूंना झालेली इजा कालांतराने भरून येऊ शकते. मेंदू आणि मज्जारज्जू यांतले तंतू तुटल्यावर फारसे वाढत नाहीत; हातापायांतले वाढतात. वेग मात्र दिवसाला साधारण 1 मिलिमीटर, म्हणजे महिन्याकाठी जेमतेम 3 सेंटिमीटर.

तुटल्या जागेपुढचा तंतू नष्ट होतो, हे ऑगस्टस वॉलर यांनी 1850 मध्ये बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर दाखवले. त्यानंतर तंतूंभोवतीच्या ‘श्वान’ (Schwann) नावाच्या पेशी पडझड साफ करतात आणि रांगेने उभ्या राहून नव्या अंकुराला वाट देतात. अंकुर कुठवर आला हे कातडीवरून टिचक्या मारत गेल्यास कळते. त्या जागी मुंग्या येतात. ही खूण 1915 मध्ये फ्रान्सचे ज्यूल टिनेल आणि जर्मनीचे पाउल हॉफमन यांनी स्वतंत्रपणे नोंदवली.

हर्बर्ट सेडन यांनी 1943 मध्ये इजेचे तीन प्रकार केले. पहिल्यात तंतू शाबूत असतो, फक्त संदेश अडतात. खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून रात्रभर झोपलेल्या माणसाचे मनगट सकाळी लुळे पडते, ते बहुधा काही आठवड्यांत सुधारते. दुसऱ्यात आतले तंतू तुटतात, पण आवरण टिकते. त्यामुळे वाट सापडते. तिसऱ्यात सगळेच तुटते आणि शस्त्रक्रियेने टोके जोडावी लागतात.

जोडल्यावर काय होते, हे ब्रिटिश डॉक्टर हेन्री हेड यांनी स्वतःवरच पाहिले. 1903 मध्ये त्यांनी डाव्या हातातला संवेदना वाहणारा मज्जातंतू कापून पुन्हा शिवून घेतला. त्यांचे सहकारी विल्यम रिव्हर्स पुढे कित्येक वर्षे त्या कातडीचे नकाशे काढत राहिले. वेदना आणि तीव्र थंड-उष्णाची जाणीव आधी परतली. हलका स्पर्श नेमका ओळखणे फार उशिरा.

खरी अडचण अंतराची. मनगटाशी तुटलेला तंतू बोटांच्या टोकांशी सहाएक महिन्यांत पोचतो. खांद्याशी तुटलेल्याला पंजा गाठायला जवळपास दोन वर्षे लागतात. संदेशाविना पडून राहिलेला स्नायू मात्र साधारण वर्ष-दीड वर्षात निकामी होतो. मोटरसायकलवरून पडून खांद्याजवळचे मज्जातंतू तुटलेल्यांचे हेच दुखणे. अशा वेळी जवळच्या निरोगी मज्जातंतूचा एक भाग स्नायूला जोडून देतात. कोपर वाकवण्यासाठीची अशी पद्धत क्रिस्तोफ ओबेर्लँ यांनी 1994 मध्ये मांडली.

आजारामुळे झालेल्या इजेत मूळ कारण आवरणे महत्त्वाचे. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गीयाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले होते. या आजारात बहुधा तंतूंवरच्या मायलिन आवरणाला इजा होते. आवरण पुन्हा तयार होत असल्याने बहुतेक रुग्ण काही आठवडे ते महिन्यांत चालू लागतात. बी-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेने आलेला बधिरपणा वेळीच उपचार केल्यास पुष्कळ कमी होतो. मधुमेहात गेलेली संवेदना क्वचितच पूर्ण परतते. साखर आटोक्यात ठेवल्याने पुढची हानी मंदावते.

कुष्ठरोगात मज्जातंतूची हानी सहा महिन्यांच्या आतली असेल, तर स्टेरॉइडने सुधारणा होण्याची शक्यता अधिक असते. भारतात या रोगावरची औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. म्हणून अंगावर बधिर चट्टा दिसताच तपासणी करून घ्यावी.